खारं पाणी

त्याने सातव्या पिंजऱ्यातला उंदीर उचलून काट्यावर ठेवला, तेवढ्यात दार उघडले आणि बाहेरचा पांढरा उजेड जमिनीवर आडवा पडला.

“दार,” तो म्हणाला.

ती आत आली आणि तिने टाचेने दार लोटले. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, गळ्यातल्या झोळीत अडकवलेला. दार लागल्यावर खोलीत पुन्हा नुसता लाल दिवा राहिला. उंदीर रात्री खातात आणि माणसे दिवसा नोकरी करतात, म्हणून या खोलीत सकाळी दहाला रात्र होत असे. लाल उजेड उंदरांना जवळजवळ दिसत नाही. माणसांना दिसतो, पण त्यात सगळ्यांचेच चेहरे आजारी वाटतात.

तिने काट्याशेजारी, त्याच्या उघड्या वहीवर, एक कागद ठेवला.

“वाच आणि सही कर.”

त्याने आधी वजन पाहिले. तीनशे बारा. कागद जरा सरकवून ते वहीत लिहिले, उंदराला पिंजऱ्यात सोडले, जाळी लावली, हातमोजे काढले आणि मग कागद दिव्याखाली धरला. टाइप केलेल्या सात ओळी होत्या. त्याने दोन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी घरी जाताना फ्रीझरचे दार नीट लावले नाही, त्यामुळे आतला हार्मोनचा साठा रात्रभरात खराब झाला आणि ही गोष्ट त्याने वरिष्ठांपासून लपवली, असे त्यात होते.

“मी दार उघडं ठेवलं नव्हतं.”

“मग काय उंदरांनी उघडलं?”

“त्या फ्रीझरला भोंगा आहे, मॅडम. दार उघडं राहिलं तर अख्ख्या मजल्याला कळतं.”

“भोंगा बिघडलेला होता. तेही त्यात आहे, पाचवी ओळ.”

पाचव्या ओळीत ते होते. त्याने कागद पूर्वीच्याच घडीवर दुमडला.

“माझे निवृत्तीला चौदा महिने राहिलेत,” तो म्हणाला.

“मला हिशोब येतो. चौकशी होईल, ठपका बसेल, थोडा लवकर घरी जाशील. घरी काय वाईट आहे? तुझा दादा बसलाय की.” ती दाराकडे वळली. “संचालकांनी पुढच्या शुक्रवारपर्यंत वेळ दिलाय. शुक्रवारी त्यांच्या टेबलावर एक तर हा कागद असेल, नाही तर माझा शोधनिबंध मागे घेतल्याचं पत्र. माझं पत्र असणार नाही.”

ती गेल्यावर त्याने आठव्या पिंजऱ्यात हात घातला. उंदीर आपणहून त्याच्या तळव्यावर चढला.

*

मॅडम म्हणजे त्याची वहिनी. घरी ती त्याला भाऊजी म्हणे, संस्थेत चार माणसांसमोर ‘तुम्ही’ आणि दोघेच असले की ‘तू’. संस्थेतले बाकीचे लोक त्याला उंदीरमामा म्हणत. बायको गेल्यापासून तो दादा-वहिनीच्याच घरात मागच्या खोलीत राहत होता, त्यामुळे दिवसातून दोनदा त्याला ‘तू’चा ‘भाऊजी’ आणि ‘भाऊजी’चा ‘तू’ व्हावे लागे. आठ वर्षांपूर्वी त्याची आधीची प्रयोगशाळा बंद पडली तेव्हा वहिनीनेच शब्द टाकून त्याला इथे घेतले होते. हे त्याला विसरू द्यायचे नाही याची ती काळजी घेत असे, आणि पाहुण्यांनाही सांगत असे. “घरचा माणूस आहे,” ती म्हणायची, “ठेवून घ्यावा लागतो.” पाहुणे हसत. तोही हसे.

ज्या पदार्थावरून हे सगळे पेटले होते तो डोळ्यांना धड दिसतही नव्हता. पोट भरले की आतड्यांतून एक लहानशी साखळी रक्तात सुटते, चौतीस मणी एकापुढे एक ओवलेले, आणि मेंदूला कळवते की पुरे. ही साखळी कारखान्यात बनवता येते. ती बोटभर उंचीच्या काचेच्या कुपीतून येई, तळाशी जरा खडू सांडल्यासारखी. तिचे खरे नाव म्हणजे तीन अक्षरे आणि दोन आकडे होते. प्रयोगशाळेत तिला सगळे ‘पोटभर’ म्हणत.

चार वर्षांपूर्वी मॅडमनी दाखवून दिले की पोटभर टोचलेला उंदीर दिवसभराचा उपाशी असला तरी निम्मेच खातो. निबंध छापून आला. तिला बक्षीस मिळाले, ती सात देशांत बोलून आली. मग या वर्षाच्या सुरुवातीला एका परक्या प्रयोगशाळेचे नम्र पत्र आले. तीच कुपी, तेवढाच डोस, पण त्यांचे उंदीर पोटभर खात होते. दोन महिन्यांनी दुसऱ्या प्रयोगशाळेचे पत्र आले, ते तितके नम्र नव्हते. तरीही तिने दोन्ही पत्रे हसण्यावारी नेली असती. पण त्याच सुमारास ती संस्थेच्या जिन्यावर घसरली, मनगट मोडले, आणि टोचायचे काम दोन महिने दिराकडे आले. त्या दोन महिन्यांत तिचे स्वतःचे उंदीरही खायला लागले.

पोटभरच्या प्रयोगांच्या पहिल्या वर्षी त्याच्या हातून एक कुपी पडून फुटली होती. तिने त्याच दिवशी फ्रीझरच्या दारावर चिठ्ठी चिकटवली, की यापुढे कुपीला आणि कुपीतल्या औषधाला हात फक्त तिचा लागेल. तेव्हापासूनची कामाची पद्धत ठरून गेली होती. एकेक उंदीर दोनदा तपासायचा, एकदा नुसते खारे पाणी टोचून आणि एकदा पोटभर टोचून. मंगळवारी खारे पाणी, ते तो टोचे. गुरुवारी पोटभर, ते ती. “खारं पाणी काय, कुणीही टोचेल,” ती म्हणायची. पद्धतीत काही खोट आहे असे कुणालाच वाटले नाही. काटकसर म्हणून उलट कौतुकच झाले.

*

रविवारी दुपारी जेवताना ती त्याच्याशी बोलली नाही, त्याच्याबद्दल बोलली. काही माणसांना दारे लावायची सवयच नसते, असे तिने ताटाकडे बघत नवऱ्याला सांगितले. दादाने मान हलवली. हे मान हलवणे कशालाही लागू पडेल असे होते, चाळीस वर्षांच्या सरावाने ते त्याला जमले होते. ती हात धुवायला उठल्यावर दादाने पुढ्यातले अर्धे जेवण बाजूला सारले आणि भावाला गॅलरीत बोलावले.

तिथे दोन खुर्च्या होत्या. दादा एकीवर बसला आणि बराच वेळ समोरच्या इमारतीत वाळत घातलेले कपडे पाहत राहिला. मग त्याने विचारले की कागदाचे काय ठरवले. धाकट्याने सांगितले की फ्रीझरचे दार त्याने उघडे ठेवले नव्हते. दादा म्हणाला की ते त्याला माहीत आहे.

“माहीत आहे?”

“तू जन्मात कधी दार उघडं ठेवलं नाहीस. पण सही करून टाक.”

धाकट्याने आपली खुर्ची भिंतीकडे सरकवली.

“तुझे चौदा महिने आहेत. तिचं सगळं आयुष्य आहे त्यात,” दादा म्हणाला. “आणि मला इथं राहायचंय.”

हे शेवटचे तो इतक्या साधेपणाने बोलला की धाकट्याला हसू आले. ते आवरायला त्याने चष्मा काढून पुसला. अडतीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या नावावर एक शेरा नव्हता. ठपका बसून घरी गेलेल्या माणसाला संस्था साधा निरोपही देत नसे. पुढच्या जागी कुणी विचारले तर त्याचे नाव घेताना लोक आवाज उतरवत. पुढची जागा त्याला नकोच होती. आवाज उतरवण्याचे मात्र त्याला लागले होते.

“मी तुला एक गोष्ट सांगितली होती,” तो म्हणाला. “चार वर्षांपूर्वी. इथंच.”

“आठवतंय.”

“तेव्हा तू काय म्हणालास?”

“म्हणालो असेन, मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची तर आधी मांजर झोपलेलं हवं.” दादा उठला. “ती झोपत नाही रे. मला विचार.”

*

संचालक भांडणाला भिणारे गृहस्थ होते. निकाल देण्याआधी त्यांनी शेवटचा एक प्रयोग करायला सांगितले. बारा उंदीर, त्याच साठ्यातली कुपी, नेहमीचीच पद्धत, मंगळवार आणि गुरुवार. सोमवारी तिचे प्लास्टर निघणार होते, तेव्हा गुरुवारची सुई तीच धरणार होती.

मंगळवारी त्याने बाराही उंदरांना खारे पाणी टोचले. चार तासांत त्यांनी सरासरी साडेनऊ ग्रॅम खाल्ले. त्याने आकडे लिहून खाली आपली आद्याक्षरे टाकली.

गुरुवारी ती साडेनऊला आली. प्लास्टरमधून निघालेला हात बारीक झाला होता आणि त्याची कातडी सोलत होती. तिने फ्रीझरमधून कुपी काढून टेबलावर ठेवली. कुपीच्या तोंडाला अॅल्युमिनियमची पातळ कडी असते, ती नखाने उचलून पिळून काढावी लागते. तिने एकदा प्रयत्न केला, मग दुसऱ्यांदा. अंगठा थरथरू लागला तसा तिने हात मागे घेऊन कोटाच्या खिशात घातला.

“उघडायचं काम तुला करावं लागेल,” ती म्हणाली. “नाइलाज आहे.”

“कुपीला हात लावू?”

“टोमणे नकोत. आधी वीस मिनिटं बाहेर राहू दे. थंड उघडलीस तर पावडर हवेतला ओलावा ओढून घेईल, आणि मग तेही मी तुला शिकवलं नव्हतं म्हणशील.”

तेवढ्यात फोन वाजला. संचालकांनी तिला वर बोलावले होते. जाताना तिने सांगितले की दहाला दिवे जातील, त्याआधी बारा सिरिंजा भरून तयार हव्यात, ती आली नाही तरी थांबायचे नाही. दारातून ती परत वळली.

“एक थेंब कमी भरलास तर मला कळेल.”

खोलीत तो आणि कुपी राहिले. काचेवरचे दव हळूहळू विरले. वीस मिनिटांनी ती हाताला नेहमीच्या काचेसारखी लागली असती. तो तिच्याकडे बघत बसला होता. हे त्याने आधीपासून ठरवले होते का, ते त्याला नंतरही सांगता आले नसते. दहाला दहा मिनिटे कमी असताना तो उठला, कुपी न उघडता फ्रीझरमध्ये तिच्या जागी ठेवून आला आणि खाऱ्या पाण्याची बाटली उघडून त्याने बारा सिरिंजा भरल्या. एकाही सिरिंजमध्ये बुडबुडा राहिला नाही. आपला हात इतका स्थिर आहे याचे त्याला थोडे नवल वाटले.

ती आली तेव्हा लाल दिवा लागलेला होता आणि सिरिंजा ट्रेमध्ये ओळीने ठेवलेल्या होत्या. तिने त्या उजेडासमोर धरून एकेक पाहिल्या आणि पुन्हा ट्रेमध्ये ठेवल्या.

गेल्या दोन महिन्यांत त्याने तिला उंदीर धरताना पाहिले नव्हते. ती पिंजरा ओढून उघडे, शेपटीला धरून उंदीर उचले आणि टेबलावर दाबून मानेमागची कातडी मुठीत घट्ट आवळे. दुष्टपणाने नव्हे. प्रत्येक सुईत कित्येक महिन्यांची वाट पाहणे असायचे, एक थेंब वाया जाऊ नये म्हणून ती उंदराला हलूच देत नसे. आज मनगट दुखत होते, म्हणून मूठ आणखी आवळलेली होती. पहिला उंदीर किंचाळला. दुसऱ्याने टेबलावर मुतून ठेवले. तिसऱ्याची पाळी येईपर्यंत उरलेल्या पिंजऱ्यांतली खुडबुड थांबली होती.

टोचून झालेले उंदीर मागच्या कोपऱ्यात अंग फुगवून बसले. खाद्याच्या गोळ्या समोर होत्या. तासभर त्यांच्याकडे कुणी फिरकले नाही.

दोन वाजता त्याने उरलेल्या गोळ्या मोजून काढल्या आणि तिने आकडे लिहून घेतले. डाव्या हाताने तिने बेरीज केली, भागाकार केला, पुन्हा केला.

“पाच,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, “पाच पूर्णांक एक. निम्मं.”

ती खुर्चीत मागे रेलली. डोळे मिटून घेतले. लाल उजेडातही तिचा चेहरा या वर्षात पहिल्यांदा बरा दिसला. त्याने तिच्याकडे पाहायचे टाळले आणि गोळ्या डब्यात परत भरू लागला.

“म्हणजे औषध चांगलं आहे,” ती म्हणाली. “फ्रीझरला काही झालंच नव्हतं. बरोबर होतं तुझं.”

तो थांबला.

“हात होता. तुझा हात.” तिने डोळे उघडले. “दोन महिने तू कातडीत सोडत होतास. पोटात पोचतच नव्हतं. साधी सुई. अडतीस वर्षं काय केलंस रे, विष्ठा उचललीस?”

“तीही कुणीतरी उचलावी लागते.”

“चल बाहेर. तो कागद बदलू.”

*

तिच्या खोलीत नेहमीचा पांढरा उजेड होता आणि दोघांनाही आधी डोळे बारीक करावे लागले. तिने उभ्यानेच संचालकांना फोन केला आणि निकाल सांगितला. मग ती बराच वेळ ऐकत राहिली. शेवटी म्हणाली की हो, माणसाची चूक, टोचण्यातली, लेखी मिळेल, आजच. नातं मधे येणार नाही, असेही म्हणाली. फोन ठेवून तिने एक कोरा कागद त्याच्यासमोर सरकवला.

“या वेळी तुझ्या अक्षरात लिही. टाइप केलेलं खोटं वाटतं.”

तो कागदाजवळ बसला नाही. बाहेर गेला, आणि परत आला तेव्हा त्याच्या मुठीत कुपी होती. त्याने ती कोऱ्या कागदाच्या मधोमध उभी केली. बघता बघता तिच्यावर दव धरले.

“ही काय, दुसरी?”

“सकाळचीच.”

तिने कुपी उचलली. क्रमांक वाचला. कडीवरून अंगठा फिरवला, जिथे सकाळी तिचे नख घसरले होते तिथे बारीक ओरखडा होता. कडी मात्र अखंड होती. कुपी खिडकीकडे धरून तिने तळाची पावडर पाहिली आणि ती पुन्हा कागदावर ठेवली, अगदी हळू, जणू आतले काही सांडेल.

“मग मी काय टोचलं?”

“खारं पाणी.”

“बाराही?”

“बाराही.”

भांडणात तिला शब्द शोधावे लागत नसत. मानेवर लाल चट्टे उमटले. मग तिने त्याला काय काय म्हटले ते सगळे सांगण्यासारखे नाही. खाल्ल्या घराचे वासे मोजणारा म्हटले, प्रयोगात भेसळ करणारा म्हटले, आणि हे म्हणाली की याच्यापेक्षा फ्रीझर उघडा ठेवला असतास तर मी तुला माफ केलं असतं. त्याने सगळे ऐकून घेतले. मधेच ती थांबली, वाक्य अर्धे टाकून, आणि कपाटाकडे गेली.

प्रयोगवह्या वर्षांप्रमाणे लावलेल्या होत्या. तिने पहिल्या वर्षाची काढली, मग दुसऱ्या, मग उरलेल्या. त्या टेबलावर पसरून ती डाव्या हाताने पाने उलटू लागली. आकडे तिला पाठ होते, ती आकडे वाचत नव्हती. प्रत्येक पानाच्या तळाशी ज्याने टोचले त्याची आद्याक्षरे होती. मंगळवारी त्याची, गुरुवारी तिची. मंगळवारी त्याची, गुरुवारी तिची. तिसऱ्या वहीपर्यंत तिचे बोट पानाच्या तळावरूनच चालले होते, वर जातच नव्हते.

चूक किती साधी होती हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. विद्यार्थ्यांच्या अशा चुका तिने आयुष्यभर लाल शाईने दाखवल्या होत्या.

“तुला संशय कधी आला?” तिने विचारले. मान खाली होती.

“वहिनी, जाऊ द्या आता.”

“कधी?”

“पहिल्याच वर्षी. कुपी फुटली त्याच्या पुढच्या महिन्यात.” त्याला खोकला आला. “एका गुरुवारी औषध कमी पडलं होतं. शेवटच्या दोन उंदरांना तुम्ही नुसतं खारं पाणी टोचलंत, क्रम मोडायला नको म्हणून. त्या दोघांनीही निम्मंच खाल्लं.”

तिने पहिली वही जवळ ओढली. पान सापडायला वेळ लागला नाही. तळाच्या दोन ओळींवर काट मारलेली होती आणि समासात तिच्याच अक्षरात लिहिले होते, आजारी, वगळावे.

“ते आजारी नव्हते,” तो म्हणाला. “दुसऱ्या दिवशी मी त्यांना हातात घेऊन पाहिलं होतं.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

हे उत्तर त्याने चार वर्षे जपून ठेवले होते. रात्री झोप लागेना तेव्हा मनात म्हणून पाहिले होते, आणि दर वेळी ते त्याला बिनतोड वाटले होते. आता ते टेबलावर पडले आणि फार लहान दिसले.

“कुपी फोडली म्हणून मी बोलले, त्याचा राग?”

“आधी भीती होती. आपली चूक झाकायला दुसऱ्याची काढतोय, असं तुम्ही म्हणाला असता.”

“म्हणाले असते,” ती म्हणाली. “मग?”

“मग निबंध छापून आला.”

“मग?”

तो खिडकीकडे पाहत राहिला. बक्षीस मिळाले त्या दिवशी तो सभागृहात मागच्या रांगेत बसला होता. सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या होत्या, बाकीच्यांच्या थांबल्यावरही क्षणभर वाजवत राहिला होता. शेजारच्या माणसाला वाटले होते की दिराला केवढे कौतुक आहे.

“मी विचारलं असतं,” ती म्हणाली, “तर सांगितलं असतंस?”

त्याने चष्मा काढला आणि तो पुसत राहिला. तिने थोडा वेळ वाट पाहिली. नंतर वह्या एकावर एक रचल्या, कडा जुळवल्या, आणि फोन स्वतःकडे ओढला.

तिने संचालकांना सगळे सांगितले. आवाज वर्गात शिकवतानाचा होता, न चढणारा, न उतरणारा. आज बाराही उंदरांना खारे पाणी टोचले गेले होते. त्यांनी तरीही निम्मे खाल्ले. चार वर्षे एका दिवशी एका माणसाने टोचले आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने, तेव्हा जे मोजले गेले ते औषध नसून टोचणाऱ्याचा हात होता. कोणाचा म्हणजे, माझा. ते माझ्या हाताला घाबरत होते. औषध काम करते की नाही हे आपल्याला आजही माहीत नाही. निबंध मागे घ्यावा लागेल, पत्र मी उद्या देते. पहिल्या वर्षी दोन उंदरांनी हे दाखवून दिले होते, त्यांना मी वगळले.

मग ती ऐकू लागली. पलीकडून बराच वेळ बोलणे चालले होते. तिने एकदा कपाळ चोळले, एकदा कुपीवरचे दव बोटाने पुसले. तो दाराकडे निघाला होता. तिने हात वर करून त्याला थांबवले.

“नाही,” ती फोनमध्ये म्हणाली. “एवढंच नाही. अजून आहे थोडं. ते माझ्याकडचं नाही.”

तिने फोन कानापासून दूर केला आणि टेबलावरून त्याच्याकडे धरला. दुखऱ्या हातात धरला होता.

“आता तुझं तू सांग.”

त्याने फोन घेतला. तो गरम लागत होता. पलीकडे संचालकांनी घसा साफ केला आणि म्हटले, “हं, बोला.”